मार डॉक्टरला, भुर्दंड गरीब रुग्णाला

राळेगाव : सरकारी रुग्णालयात डॉक्टरवर हात उगारला गेला की चर्चा होते ती फुटलेल्या काचांची, दाखल झालेल्या गुन्ह्याची आणि त्यानंतरच्या संपाची. या हिंसेची किंमत मात्र शेवटी मोजावी लागते ती ज्याला खासगी दवाखाना परवडत नाही, त्या रुग्णाला. राळेगावसारख्या तालुक्यात ती अधिकच जड जाते. येथील शेतकरी, शेतमजूर आणि कोलाम, गोंड वस्त्यांचा पहिला आधार म्हणजे ग्रामीण रुग्णालय. त्यापुढची पायरी थेट यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय.

याच महाविद्यालयाच्या रुग्णालयात ५ जानेवारी २०२३ रोजी एका दाखल रुग्णानेच निवासी डॉक्टरवर फळे कापण्याच्या चाकूने वार केले. मदतीला धावलेला सहकारीही जखमी झाला. निवासी डॉक्टरांनी काम थांबवून सुरक्षेची मागणी लावून धरली. त्यापूर्वी १० नोव्हेंबर २०२१ रोजी याच आवारात एका एमबीबीएस विद्यार्थ्याचा खून झाला होता. तो हल्ला रुग्णाने केलेला नव्हता. पण आवाराच्या सुरक्षेचा प्रश्न तेव्हाच ऐरणीवर आला होता.

संपाचा हिशेब

मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी बेदम मारले. त्यात त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. पाठोपाठ मुंबईत शीव रुग्णालयात मारहाण झाली आणि राज्यातील सुमारे ४,००० निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, बाह्यरुग्ण विभाग ओस पडले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि सरकारने १,१०० सुरक्षारक्षक नेमण्याची हमी दिली. रक्षकांचा हा खर्च अपरिहार्य असला, तरी तो शेवटी सार्वजनिक तिजोरीतूनच होतो.

याहून मोठा खर्च कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. ग्रामीण रुग्णालय साधारणतः ३० खाटांचे. रात्रपाळीला मनुष्यबळ तोकडे. अशा ठिकाणी बाहेर जमाव उभा असेल, तर गुंतागुंतीचा रुग्ण हाती घेण्याऐवजी त्याला पुढे पाठवणे डॉक्टरला सुरक्षित वाटते. मग उपचाराचा मोलाचा वेळ रुग्णवाहिकेत जातो. भीतीपोटी तरुण डॉक्टर ग्रामीण सेवेकडे पाठ फिरवतात, ते वेगळेच.

रुग्ण हिंसक का होतो?

प्रत्येक आक्रमक रुग्ण गुन्हेगार नसतो, हेही लक्षात घ्यायला हवे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक बळी घेतले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांची बाधा झालेला रुग्ण बेभान होऊ शकतो. त्यावरील अ‍ॅट्रोपिन या औषधाचे प्रमाण वाढले तरी तसेच घडते. दारू अचानक तुटलेल्या रुग्णाचीही अशीच गत होते. येथे पोलिसांपेक्षा प्रशिक्षित परिचारक आणि पुरेसे मनुष्यबळ उपयोगी पडते. मात्र मे २०२३ मध्ये केरळमधील कोट्टारक्करा येथे पोलिसांनी उपचारासाठी आणलेल्या इसमाने एका तरुण डॉक्टरचा जीव घेतला. अशा रुग्णाला तपासताना पोलिसांनीही गाफील राहून चालत नाही.

कायदा आहे, पुढे काय?

महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. हल्ल्याचा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उपकरणांची मोडतोड झाल्यास खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई वसूल करण्याची तरतूद आहे. रुग्णांच्या तक्रारी ऐकण्यासाठी प्राधिकरणाची तरतूदही याच कायद्यात आहे. ही दुसरी बाजू दुर्लक्षित राहिली, तर संतापाला वाट उरते ती मारहाणीचीच. १६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय आरोग्य खात्याने हल्ल्यानंतर सहा तासांच्या आत संस्थाप्रमुखाने गुन्हा नोंदवावा, असा आदेश काढला. मार खाल्लेल्या डॉक्टरला एकट्याने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत, हे तत्त्व तालुका पातळीपर्यंत झिरपायला हवे.

रुग्णाची प्रकृती ढासळत असताना नातेवाइकांशी वेळीच बोलणारा एक जबाबदार माणूस, रात्री दारावर रक्षक आणि तक्रारीची खरोखर चालणारी व्यवस्था यांना फार मोठा निधी लागत नाही. त्या नसल्या, तर त्याची किंमत राळेगावचा शेतमजूर यवतमाळच्या वाटेवर मोजतो.