गोळी वाटून घेणारे अडाणी नाहीत



"तुझी बीपीची एक गोळी दे गं, माझी संपली." वस्तीत काम करताना हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो. एकीची गुडघेदुखीची गोळी शेजारणीकडे जाते. पोराच्या तापातलं उरलेलं अँटिबायोटिक पुढच्या तापासाठी फळीवर जपून ठेवलं जातं. मग तो ताप शेजारच्या घरातला का असेना. शिबिराला आलेले डॉक्टर म्हणतात, "या लोकांना समजच नाही."

आम्हाला हे मान्य नाही. शिकल्या-सवरलेल्या घरांतही झोपेची गोळी बहिणीला दिली जाते. त्यांना कुणी अडाणी म्हणत नाही.

वस्तीतला हिशोब साधा आहे. सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळची आणि मजुरांचा नाकाही सकाळचाच. केसपेपरच्या रांगेत उभं राहिलं की दिवसाची मजुरी बुडते. खाजगीत आधी फी, मग औषधं. शेजारणीची गोळी मात्र लगेच आणि फुकट मिळते. जो हात वाटीभर साखर उसनी देतो, तोच गोळीही देतो. यात अज्ञान कमी, नाइलाज आणि आपुलकी जास्त.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, 1943 मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवलं गेलं. त्यातून पुढे 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. या विमा योजनेत विमाधारक कामगाराला उपचार तर मिळतातच, शिवाय आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कमही मिळते. म्हणजे औषध आणि बुडालेली मजुरी हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे तेव्हाच ओळखलं गेलं होतं. पण धुणीभांडी करणारी बाई आणि नाक्यावरचा मजूर आजही या कवचाबाहेर आहेत.

मात्र नाइलाज खरा असला तरी गोळीचा धोका टळत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या दमेकऱ्याला बाधतात. मधुमेहाची गोळी दुसऱ्याची साखर एकदम उतरवू शकते. दुखण्याच्या गोळ्या किडनीच्या रुग्णाला घातक ठरतात. अर्धवट अँटिबायोटिकने जंतू चिवट होतात. आणि देणारीचं काय? महिन्याच्या 30 गोळ्यांतल्या 5 वाटल्या, की तिचे स्वतःचे 5 दिवस औषधाविना जातात.

म्हणून आपल्या मंडळांनी उपदेश थांबवून कामाला लागावं. ज्यांचं औषध ठरलेलं आहे, त्यांची यादी करून पाळीपाळीने एकाने ते आणावं. नवं दुखणं असेल तर सोबत दवाखान्यात जावं. पाकिटावरची लाल रेघ म्हणजे 'चिठ्ठीशिवाय नाही', हे घरोघर दाखवावं. आणि संध्याकाळची ओपीडी, पुरेसा औषधसाठा, असंघटित कामगाराला आजारपणाची भरपाई या मागण्या लेखी द्याव्यात. सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य आहे, असं संविधानाचं कलम 47 सांगतं. आपण भीक मागत नाही.

तोवर एवढं करू: गोळी नको, रांग वाटून घेऊ.

जयभीम!