डॉलरचा भाव वेगळा, मजुरी वेगळी

परदेशी जाणे ही आता फक्त पुण्या-मुंबईकडच्या लोकांची गोष्ट राहिलेली नाही. ‘लातूर पॅटर्न’च्या वातावरणात डॉक्टर होण्याचे स्वप्न पाहणारी सगळीच मुले नीटमधून सरकारी जागेपर्यंत पोहोचत नाहीत. खासगी महाविद्यालयाचे शुल्क झेपत नाही, म्हणून त्यांतली काही रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जियाची वाट धरतात. नांदेडहून हज आणि उमराचे यात्रेकरू निघतात. उलट दिशेने, तिथल्या सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला कॅनडा, इंग्लंडहून भाविक डॉलर आणि पौंड घेऊन येतात. रुपये देऊन परकीय चलन घेणे किंवा चलन देऊन रुपये घेणे, हा व्यवहार या सगळ्यांना करावाच लागतो. विमानाच्या तिकिटासाठी चार ठिकाणी भाव काढणारी माणसे इथे मात्र समोरचा सांगेल तो दर मुकाट्याने मान्य करतात. परकीय चलन आपल्याला नको तितके महाग पडते. विकणाऱ्याचा नफा भावातच मिसळलेला असतो आणि तो वेगळा काढून दाखवा असे आपण विचारत नाही, हे त्याचे मुख्य कारण आहे.

हिशेब मांडून पाहू. बँका आपसांत ज्या भावाने डॉलर घेतात-देतात, तो आंतरबँक भाव ८५ रुपये आहे असे समजा. काउंटरवर ‘कमिशन शून्य’ अशी पाटी आहे आणि नोटांचा विक्रीदर ८७ रुपये ५० पैसे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच नोटा नेता येतात. तेवढ्या घेतल्या तर २ लाख ६२ हजार ५०० रुपये मोजावे लागतील. चलनबदलावरचा १८ टक्के जीएसटी पूर्ण रकमेवर नसतो, नियमाने ठरवलेल्या एका लहानशा भागावर असतो. इथे तो सुमारे ३२६ रुपये होईल आणि पावतीवर ठळक छापलेला असेल. अडीच रुपयांच्या फरकातून गेलेल्या ७,५०० रुपयांचा मात्र पावतीवर मागमूसही नसेल. परतल्यावर उरलेले ३०० डॉलर ८२ रुपये ५० पैशांनी विकले तर आणखी ७५० रुपये गेले. ग्राहक ३२६ रुपयांच्या करावर कुरकुरतो आणि साडेआठ हजारांच्या आसपासची खरी किंमत त्याला कळतही नाही.

हीच माणसे सराफाच्या पेढीवर अशी वागत नाहीत. सोन्याचा भाव सकाळीच पाहून जातात, भाव वेगळा आणि मजुरी वेगळी लिहून घेतात आणि घासाघीस मजुरीवर करतात. डॉलरच्या बाबतीतही नेमके हेच करायला हवे. मराठवाड्याला दोन चलनांचा व्यवहार नवा नाही. निजामाच्या राज्यात हाली रुपया चाले आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या रुपयाला लोक कलदार म्हणत. १९५० मध्ये भारतीय रुपया इथे आला तेव्हा सात हालींना सहा रुपये हे प्रमाण ठरलेले होते. हाली रुपया पूर्णपणे बाद झाला तो १९५९ मध्ये. प्रमाण जाहीर असले की अदलाबदल करणाऱ्याने मध्ये किती कापले, हे साध्या त्रैराशिकाने काढता येते. आज डॉलरचा बाजारभाव मोबाइलवर क्षणात दिसतो. रियालचा हिशेब तर आणखी सोपा आहे. सौदी अरेबियाने १९८६ पासून एका डॉलरला ३.७५ रियाल हा दर बांधून ठेवला आहे. म्हणजे डॉलर ८५ रुपये असेल तर त्याला ३.७५ ने भागायचे. रियालचा बाजारभाव २२ रुपये ६७ पैसे निघतो. उमराला निघालेल्या माणसाला काउंटरवर २४ रुपये सांगितले, तर प्रत्येक रियालमागे १ रुपया ३३ पैसे, म्हणजे जवळपास सहा टक्के मजुरी लागते आहे, हे त्याला तिथल्या तिथे कळू शकते.

कार्डाने हा प्रश्न आपोआप सुटत नाही. अनेक कार्डांवर परदेशातल्या खर्चावर साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लागतो आणि त्यावर पुन्हा जीएसटी; एक लाखाच्या खर्चामागे ४,१३० रुपये जादा जातात. दुकानातले किंवा एटीएमचे यंत्र ‘रक्कम रुपयांत घेऊ का?’ असे विचारते, तेव्हा हो म्हटले की तिथल्याच मध्यस्थाने ठरवलेला दर लागतो आणि तो सहसा महाग असतो. नेहमी त्या देशाच्या चलनातच रक्कम घ्यायला सांगावे. शिवाय कार्ड सगळीकडे चालतेच असे नाही. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातले काम थांबवले, त्यामुळे त्यांची भारतात काढलेली कार्डे तिथे निरुपयोगी ठरली. रशिया आणि सीआयएस या पूर्वीच्या सोव्हिएत देशांच्या संघटनेतील इतर देशांसाठी ३,००० डॉलरच्या नोटांची मर्यादा लागू नाही. जॉर्जिया २००९ मध्येच सीआयएसमधून बाहेर पडल्यामुळे तिथे जाणाऱ्याला ती लागू आहे. मुलाला कोणत्या देशात पाठवतो आहोत यावर नोटा, कार्ड आणि बँकेतून थेट पाठवणी यांची वाटणी ठरते. हा विचार महिनाभर आधी व्हायला हवा. हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर रात्री बॅगा सांभाळत उभ्या असलेल्या बापाकडे घासाघीस करायला ना वेळ असतो ना पर्याय.

यावर चलनाचा व्यवसाय करणारे सांगतील की लहान शहरात नोटा मोठ्या शहरातून मागवाव्या लागतात, वाहतूक आणि विम्याचा खर्च येतो, गिऱ्हाईक रोज नसते आणि पैसा अडकून पडतो. म्हणणे खरे आहे आणि त्या कष्टाचा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. पण फॉरेक्स कार्डात रक्कम भरताना किंवा विद्यापीठाचे शुल्क थेट पाठवताना एकही नोट हलत नाही. लातूरच्या शाखेतून किर्गिझस्तानातल्या बिश्केकला पाठवलेल्या डॉलरला मुंबईहून पाठवलेल्या डॉलरपेक्षा जास्त खर्च यावा असे काही कारण नाही. नोटांच्या बाबतीतही नांदेडची स्थिती इतर जिल्ह्यांपेक्षा बरी असायला हवी, कारण भाविकांमुळे तिथे चलन बाहेरून येते. पूर्ण परवाना असलेला व्यावसायिक हे चलन इथल्याच प्रवाशाला विकू शकतो. मर्यादित परवाना असणाऱ्याला मात्र फक्त चलन घेऊन रुपये देता येतात. म्हणून चलन घ्यायला जाताना कोणत्या परवान्याच्या दुकानात शिरतो आहोत, हे आधी विचारावे.

ज्यांना परदेशी जाणे परवडते त्यांच्या दोन-चार टक्क्यांची चिंता कशाला, असेही कोणी म्हणेल. पण हजला जाणाऱ्यांत आयुष्यभराची शिल्लक घेऊन निघालेली वृद्ध माणसे असतात. मुलाच्या शुल्कासाठी शेत गहाण टाकणारे पालक श्रीमंत नसतात, आणि त्यांना हा फरक अभ्यासक्रम संपेपर्यंत दरवर्षी भरावा लागतो. वर्षाला ५,००० डॉलर पाठवणाऱ्या घराला डॉलरमागे दोन रुपये म्हणजे १० हजार रुपये होतात. दुसरे कोणी कानाशी लागून सांगेल की ‘बाहेरून’ स्वस्त मिळते. त्या वाटेला जाऊ नये. परवाना नसलेल्याकडून चलन घेणे हा १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचा (फेमा) भंग आहे, रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि नोट खोटी निघाली तर दाद कुठेच मागता येत नाही. कायदेशीर व्यवहारात पावती मिळते. ५० हजार रुपयांवरची रक्कम बँकेमार्फतच द्यावी लागते, म्हणजे पुरावाही राहतो. परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवायची मुभा आहे. पुढच्या प्रवासाची शक्यता असेल तर उरलेले चलन घाईने तोट्यात विकण्याचे कारण नाही.

कायदेशीर मार्गाने स्वस्त चलन मिळू शकते, याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा ‘एफएक्स-रिटेल’ मंच रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाला. त्यावर सामान्य ग्राहकाला आंतरबँक बाजारातल्या भावाने डॉलर घेता येतो आणि बँकेने आपला आकार वेगळा, आधीच सांगायचा असतो. पूर्वी हज समितीमार्फत जाणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला समितीकडूनच ठरावीक रियाल घ्यावे लागत. २०२३ च्या हजपासून ही सक्ती गेली आणि सरकारने स्टेट बँकेमार्फत स्पर्धात्मक दरात चलन व फॉरेक्स कार्ड देण्याची सोय केली. सगळ्यांच्या वतीने कोणी भाव ठरवला की तो उतरतो, हा याचा धडा आहे. एकाच विद्यापीठात मुले पाठवणारे लातूरचे वीस पालक एकत्र येऊन तीन बँकांकडे लेखी दर मागू शकतात. नांदेडचे उमरा यात्रा आयोजकही आपल्या गटासाठी हे करू शकतात.

मात्र सगळे ओझे ग्राहकावर टाकून भागणार नाही. चलन विकणाऱ्याला दरफलक लावावा लागतोच. त्यावर खरेदी आणि विक्रीच्या दरांशेजारी आंतरबँक भाव आणि एका डॉलरमागचा फरक हे दोन रकाने वाढवावेत आणि तोच फरक पावतीवर रुपयांत लिहावा. नांदेड आणि लातूरच्या ज्या शाखा परकीय चलनाचे व्यवहार करतात, तिथल्या कर्मचाऱ्याने एफएक्स-रिटेलची नोंदणी ग्राहकाला स्वतःहून करून द्यावी. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, मोठा खर्चही येत नाही. बँका आपणहून करत नसतील तर रिझर्व्ह बँकेने तसा आदेश काढावा. विकणाऱ्याने नफा घ्यावा, पण तो किती हे पैसे देणाऱ्याला कळलेच पाहिजे. तोवर प्रत्येक काउंटरवर आपण एकच प्रश्न न संकोचता विचारू या: आजचा बाजारभाव किती, आणि त्यावर तुमचे किती?