भाडं न भरणारे रूममेट

रात्रीचे साडेअकरा. डेडलाइन संपवून, गर्दीचे धक्के खाऊन तुम्ही घरी पोचता. पाणी प्यायला किचनचा लाइट लावता आणि ओट्यावरून सात-आठ जण सुसाट मिक्सरमागे पळतात. हे तुमच्या वन रूम किचनचे रूममेट. भाडं नाही, लाइट बिल नाही, फॅमिली मात्र वाढतेच आहे!

आपली पहिली रिअ‍ॅक्शन ठरलेली. स्प्रेचा डबा उचलायचा आणि अर्धा रिकामा करायचा. दोन मरतात, बाकीचे फटीत जाऊन बसतात. तो फवारा मग बंद घरात रात्रभर आपणच हुंगत झोपतो. तेव्हा बॉस, आधी शत्रू ओळखा.

ओळख परेड
किचनमधली छोटी, फिकट तपकिरी, मानेजवळ दोन काळे पट्टे असलेली झुरळं ही जर्मन जातीची. एका अंडकोशात ३० ते ४० पिल्लं. ती दोनेक महिन्यांत मोठी होऊन पुढची पिढी सुरू करतात. मोठी, तांबूस, बाथरूममध्ये दिसणारी ती गटारातून वर येतात. पहिल्यांचा बंदोबस्त कपाटात करायचा, दुसऱ्यांचा जाळीवर. आणि हा फक्त 'ई...'चा प्रश्न नाही. झुरळांची विष्ठा आणि गळलेली कात यांमुळे दम्याचा त्रास वाढतो.

पाणी तोडा
झुरळ उपाशी बरेच दिवस काढतं, पाण्याशिवाय मात्र लवकर मरतं. त्यामुळे रात्री खरकटी भांडी सिंकमध्ये ठेवून झोपणं म्हणजे त्यांना पार्टीचं आमंत्रण. भांडी घासायचा कंटाळा आला तर निदान विसळून ठेवा. सिंक आणि ओटा कोरडा पुसा. गळका नळ प्लंबरकडून दुरुस्त करून घ्या. ओल्या कचऱ्याच्या डब्याला झाकण हवंच. ऑनलाइन शॉपिंगचे पुठ्ठ्याचे खोके 'लागतील कधीतरी' म्हणून साठवू नका. लागतात ते झुरळांनाच!

दारं बंद करा
मोठं झुरळसुद्धा साधारण तीन मिलिमीटरच्या, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढ्या फटीतून आत शिरतं. सिंकखाली पाइप भिंतीत जातो तिथलं भोक, टाइल्समधल्या भेगा, दाराखालची फट हे सगळं एका रविवारी बघून टाका. हार्डवेअरच्या दुकानातून व्हाइट सिमेंट किंवा सिलिकॉन आणा. बाथरूमच्या ड्रेनला बारीक जाळी बसवा. घर भाड्याचं असलं तरी या कामाला मालक सहसा नाही म्हणत नाही.

थेंबभर जेल
आता औषध. झुरळांसाठी मिळणारं जेल काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं, थेंबाथेंबाने लावायचं. जागा म्हणजे बिजागऱ्यांजवळ, सिंकखाली, फ्रिजमागे. झुरळ ते खाऊन बिळात मरतं आणि त्याची विष्ठा किंवा मेलेलं झुरळ खाणारी दुसरीही मरतात. एक-दोन आठवडे धीर धरा. आणि जेल लावलं तिथे स्प्रे मारू नका. वासाने झुरळं जेलकडे फिरकतच नाहीत, सगळी मेहनत वाया.

मुंग्यांसाठी तर औषधाचीही घाई नको. त्यांची रांग साबणाच्या पाण्याने पुसा म्हणजे वासाची वाट मोडते. त्या जिथून येतात ते भोक बुजवा. आणि साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवायची आजीची आयडिया आजही सुपरहिट आहे.

इथे मात्र गंमत नाही
स्प्रे मारावाच लागला तर गॅस बंद हवा, आसपास ज्योत नको. बहुतेक स्प्रे पेट घेतात. अन्न झाका, खिडक्या उघडा. औषधाचा खडू शाळेतल्या खडूसारखाच दिसतो, त्यामुळे लहान मूल असलेल्या घरात तो नकोच. बोरिक पावडरही मुलांच्या हाताला लागेल अशी टाकू नका. मांजर पाळली असेल तर दुप्पट जपा. अनेक स्प्रे-खडूंमधलं पायरेथ्रॉइड औषध मांजरांना सोसत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं. स्वस्तातला पेस्ट कंट्रोलवाला ढेकणांसाठी किंवा झुरळांसाठी 'धान्यातल्या गोळ्या' ठेवतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांतून हवेतल्या दमटपणानेच फॉस्फीन वायू सुटतो. तो फटींतून, डक्टमधून शेजारच्या घरातही जातो. त्यावर उतारा नाही. मळमळ, डोकेदुखी, छाती जड होणं याला आपण 'बाहेरचं खाल्लं असेल' म्हणतो आणि तिथेच वेळ जातो. राहत्या घरांत या गोळ्यांनी माणसं दगावली आहेत. असा त्रास झाला तर सगळ्यांना घेऊन आधी घराबाहेर पडा, शेजाऱ्यांना उठवा आणि १०८ ला फोन करा. पेस्ट कंट्रोलवाल्याकडे परवाना मागा, औषधाचं नाव लिहून घ्या, घरात परत कधी यायचं ते विचारा. 'हर्बल आहे, टेन्शन नको' हे उत्तर चालणार नाही.

तेव्हा आज रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं काढा. सिंक कोरडं, कचरा झाकलेला, नळ घट्ट बंद. रूममेट आपणहून दुसरी खोली शोधायला लागतील.