माया आणि कुलूप

वाचकहो, या सदरातून आजवर मी आपल्याशी रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी, निद्रानाश अशा विषयांवर बोलत आलो. आज एका व्हिडिओ गेमविषयी लिहीत आहे. डॉक्टरांना हे काय सुचले, असे आपणांस वाटेल. परंतु गेल्या वर्षी जे मला वैद्यकाच्या पुस्तकांतून उमगायला हवे होते, ते या खेळातील एका पात्राने दाखवून दिले, म्हणून हा प्रपंच.

मागील पावसाळ्यात माझी एक्क्याऐंशी वर्षांची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. हाड मोडले नाही, पण मी घाबरलो. त्या दिवसापासून तिचे जिना उतरणे बंद झाले. देवळापर्यंतची सकाळची फेरी आणि शेजारच्या काकूंकडील बैठकही बंद झाली. बाहेरच्या दाराची वरची कडी, जिथे तिचा हात पोहोचत नसे, ती मी लावू लागलो. चार महिन्यांत तिच्या मांड्या बारीक झाल्या, खुर्चीतून उठताना ती आधार शोधू लागली, बोलणेही कमी झाले. रुग्णाच्या बाबतीत मी याची कारणे शोधली असती. घरी मात्र मी त्याला ‘वय’ असे नाव देऊन मोकळा झालो.

याच काळात माझा धाकटा मुलगा संध्याकाळी आजीजवळ बसून निन्टेन्डो स्विचवर ‘अंडरटेल’ नावाचा खेळ खेळू लागला. टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने तो २०१५ साली प्रथम संगणकासाठी प्रसिद्ध केला. त्यासाठीचा पैसा २०१३ मध्ये लोकांकडून जमवलेला होता. कथा, संगीत आणि रचना बहुतांशी त्याची एकट्याची, तर चित्रांसाठी टेमी चँग हिचे मोठे साहाय्य. २०१८ मध्ये हा खेळ स्विचवर आला. रूप मात्र जुने: ठिपक्याठिपक्यांची चित्रे, साधे रंग, पेटीतून निघाल्यासारखे सूर. आपली मुले लहानपणी टीव्हीला जोडून जे खेळ खेळत, त्यांची आठवण व्हावी असे.

कथा थोडक्यात अशी. एक मानवी मूल डोंगरातल्या विवरात कोसळते आणि माणसांनी युद्धानंतर जमिनीखाली कोंडलेल्या राक्षसांच्या जगात पोहोचते. वाटेत कोणी आडवे आले की पडद्यावर चार पर्याय येतात: लढा, कृती, वस्तू आणि दया. ‘कृती’ म्हणजे समोरच्याशी बोलणे, त्याची स्तुती करणे, त्याला हसवणे. एकालाही न मारता हा खेळ शेवटापर्यंत नेता येतो, हे त्याचे वैशिष्ट्य. आरंभीच एक खिन्न भूत भेटते. त्याचे अश्रू हाच त्याचा हल्ला आणि त्याला धीर देणे हाच त्यावरील उपाय. आईला ते भूत फार आवडले. खेळ इंग्रजीत असल्याने नातू वाचून मराठीत सांगे. अश्रू चुकवण्याची धावपळ त्याच्या अंगठ्यांनी करायची आणि कोणाशी कसे वागायचे ते आजीने ठरवायचे, अशी त्यांची वाटणी होती.

आता त्या पात्राकडे वळतो. पडलेल्या मुलाला टोरियल नावाची, बकरीसारख्या चेहऱ्याची, मायाळू स्त्री सांभाळते. काट्यांच्या वाटेवरून ती त्याला हात धरून नेते. एका लांब दालनात मात्र ‘आता एकट्याने चाल’ असे सांगून पुढे निघून जाते. मूल टोकाला पोहोचते तेव्हा कळते की ती खांबाआड उभी राहून पाहत होती. पुढे ती त्याला मोबाइल देते, त्याच्यासाठी गोड पाय भाजते, स्वतंत्र खोली देते. मग मूल विचारते, घरी कसे जायचे? ती उठते आणि तळघरातील बाहेर जाण्याचे दारच कायमचे मोडून टाकायला निघते. तिची भीती खोटी नसते. तिने सांभाळलेली आधीची मुले त्याच दाराने गेली आणि प्राणास मुकली. मूल मागे हटत नाही, तेव्हा ती त्याच्यावर अग्निगोल फेकते. आणि मूल अगदी अशक्त झाले की तेच अग्निगोल त्याला टाळून बाजूने जाऊ लागतात.

मी दवाखान्यातून परतलो तेव्हा नेमका हा प्रसंग सुरू होता.

‘आजी, काय करू? लढू?’ नातवाने विचारले.

‘अरे, आईवर कुणी हात उगारतं का? दया दाब. पुन्हा दाब.’ मग माझ्याकडे न पाहताच ती म्हणाली, ‘ही बकरी अगदी तुझ्या बाबासारखी आहे. वाईट नाही रे ती. घाबरलीय.’

कितीतरी वेळा दया दाखवल्यानंतर टोरियल थांबली. आपली भीती आणि आपला एकटेपणा बाजूला ठेवून, मुलाला कवटाळून तिने वाट मोकळी केली. मी बूटही न काढता तसाच उभा होतो.

काळजी घेणाऱ्यांनो, आपण कुलूप लावतो ते मायेपोटीच. परंतु पडण्याच्या भीतीने चालणे थांबवले की स्नायू क्षीण होतात, तोल जातो आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. हे मी रुग्णांना नित्य सांगत आलो होतो. दुसऱ्या दिवशी मी आईचा रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोन्ही वेळा मोजला. झोपेची गोळी हळूहळू कमी करत बंद केली. डोळे तपासून घेतले. न्हाणीघरात भिंतीला आधाराचा दांडा आणि खाली न घसरणारी चटई बसवली. रात्री मंद दिवा ठेवला. मागे पट्टा असलेली चप्पल आणि काठी आणली. खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव रोज थोडा वाढवत नेला. मग जिना: उतरताना मी तिच्यापुढे एक पायरी खाली, चढताना एक पायरी मागे. काही आठवड्यांनी ती खिशात मोबाइल घालून एकटी देवळापर्यंत गेली. मी गॅलरीतल्या खांबाआड उभा होतो. ती पुन्हा पडणार नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही. ते तिला ठाऊक आहे, आणि मलाही. वरची कडी मात्र आता उघडी असते.

स्मृतिभ्रंशामुळे वाट चुकणाऱ्या रुग्णांची गोष्ट वेगळी. त्यांच्या सुरक्षिततेचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

खेळाविषयी माझे मतही सांगून ठेवतो. तो स्मरणशक्तीचे औषध नव्हे आणि कोणी तसे सांगितल्यास विश्वास ठेवू नये. हल्ले चुकवण्याचा वेग ज्येष्ठांना झेपणारा नाही, म्हणून जोडीदार हवाच. हातातल्या छोट्या पडद्यावरील अक्षरे बारीक वाटल्यास स्विच टीव्हीला जोडावा. ‘लाइट’ या प्रकारात मात्र ती सोय नाही. हातात धरून खेळताना मांडीवर उशी घ्यावी, म्हणजे मान झुकत नाही. दर वीस मिनिटांनी नजर दूरवर न्यावी. अंगठा दुखू लागल्यास थांबावे. काही दृश्ये झगझगती आहेत, म्हणून फेफऱ्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. झोपेपूर्वीचा तास पडद्याविना असावा. एवढे सांभाळून नातवंडांसोबत अर्धा तास खेळायला माझी मुळीच हरकत नाही. त्या अर्ध्या तासात आमच्या घरी, चार महिन्यांनी प्रथमच, एखाद्या गोष्टीचा निर्णय आई घेत होती.

आज घरी गेल्यावर आपल्या बाहेरच्या दाराची कडी किती उंचीवर आहे, तेवढे पाहून घ्या.