मागची जाड सळई

१८८६ साली मंडई उभी राहिली तेव्हा भोवती बैलगाड्या फिरत. आज तिथे टेम्पो आणि हातगाड्या चुकवत मोटार हाकणाऱ्याला वळणावर गाडी कलण्याची चिंता नसते. तेवढा वेगच मिळत नाही! तरीही छोट्या गाडीला मागे जाड ‘स्टॅबिलायझर बार’ बसवण्याची हौस तरुणांना असते. माझा भाचा त्यांतलाच.

ही पोलादी सळई डाव्या-उजव्या चाकांची सस्पेन्शन जोडते आणि गाडी कलली की पीळ खाऊन तिला सावरते. तिचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, दसादशे १० टक्के चक्रवाढीने चार वर्षांत शंभराचे १४६ होतात, तसेच सळई १० टक्के जाड केली की ताठरपणा ४६ टक्क्यांनी वाढतो.

वळणावर गाडीचे नाक बाहेर ओढले जाते ते याने कमी होते, हे खरे. पण पकड जाते ती मागच्या चाकांची. भर पावसात कात्रजच्या घाटात शेपूट सुटली तर? मागच्या बाकावर घरचीच माणसे असतात. शिवाय एका चाकाचा खड्डा दुसऱ्यालाही जाणवतो, आणि पुण्यात खड्ड्यांची वानवा नाही.

भाच्याला म्हटले, “बाबा रे, आधी टायरमधली हवा बघ, झिजलेले रबरी बुश बदल. मग बोलू.”