चढणीचा मासा आधी चढू तर द्या!

मृगाचा पहिला दणका बसला आणि पऱ्ये-वहाळ गढूळ होऊन धावू लागले की कोकणातला माणूस घरात थांबत नाही. इरलं गेलं नि प्लॅस्टिकचा कागद आला, पेट्रोमॅक्स गेली नि बॅटऱ्या आल्या, पण चढणीच्या माशांचं वेड काही गेलेलं नाही. रायगड-ठाण्याकडे यालाच वलगण म्हणतात. वर्षभर नदीच्या डोहात दडलेला मोठा मासा या चार-आठ दिवसांत गुडघाभर पाण्याच्या पऱ्यात शिरतो आणि तिथून भाताच्या खाचरात चढतो. एरवी गळ टाकून दिवसभर बसलं तरी न लागणारी हातभर मरळ तेव्हा काठीनेसुद्धा मारता येते. पोटात गाबोळी गच्च भरलेली. त्या गाबोळीची चव पापलेटाला नाही, याबद्दल आमचा कुणाशी वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या वर्षाचा. मासा चढतो तो आपल्या तव्यासाठी नव्हे, अंडी घालण्यासाठी. पुराच्या नदीत धार जोराची, त्यात अंडी टिकत नाहीत. खाचरातलं पाणी उथळ, उबदार, संथ असतं. गवताचा आडोसा असतो आणि पिल्लांना पुरेल इतकं बारीक किड्या-शेवाळाचं खाणंही. पाऊस ओसरू लागला की ही पिल्लं पाण्याबरोबर उतरून पुन्हा नदीला मिळतात. म्हणजे नदीचं बाळंतपण होतं ते आपल्या पऱ्यात आणि खाचरात. त्यात मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त. आपण नेमकी मोठी मादी वेचून मारतो. मरळीचं तर आणखी वेगळं. तिची जोडी तांबूस पिल्लांचा थवा राखत पाण्यात फिरत असते. त्या जोडीला कुणी टिपलं की थवा दुसऱ्या माशांच्या तोंडी गेलाच म्हणून समजा.

कुणी म्हणेल, आमचे आजे-पणजेही चढणीचे मासे मारत होते, तेव्हा कुठे मासे संपले? प्रश्न रास्त आहे. आज्याकडे पाग होता आणि बांबूच्या कांबट्यांची निमुळती खोयन होती. खोयन पऱ्याच्या एका अंगाला लागायची. लोंढा वाढला की ती वाहूनही जायची. दहा मासे अडकले तर त्याहून किती तरी बाजूने निसटून वर जायचे. आता या काठापासून त्या काठापर्यंत बारीक आसाचं नायलॉनचं जाळं ताणतात. त्यातून करंगळीएवढा मासासुद्धा सुटत नाही. त्याहून वाईट म्हणजे बॅटरी-इन्व्हर्टरचा करंट. यात मोठा मासा हाती लागतो आणि बारका तसाच मरून वाहून जातो. करंट लावताना माणसंही दगावली आहेत, तरी हौस फिटत नाही. सुट्टीवर आलेले आमचे काही चाकरमानी बंधू तर पोती भरून मासा धरतात, मोबाइलवर त्याची चित्रफीत काढतात आणि निम्मा मासा वाटायला माणूस सापडत नाही म्हणून टाकून देतात. याला मासेमारी म्हणायचं की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावं.

तरीही जूनमधल्या धरपकडीपेक्षा मेमधला प्रकार जास्त घातक आहे, असं आमचं मत आहे. उन्हाळ्यात नदीची धार तुटते. मैल-दोन मैलांतला सगळा मासा एखाद्या कोंडीत, एखाद्या डोहात जीव धरून राहतो. तेच पुढच्या चढणीचे आई-बाप. आणि नेमक्या याच वेळी कुणीतरी रात्री त्या कोंडीत ब्लीचिंग पावडर नाही तर शेतीचं औषध ओततं. पूर्वीही शेराचा चीक किंवा गेळफळं घालून मासे झिंगवत असत, पण त्यातून पाणी काही दिवसांत निवळायचं. आताच्या औषधाने मासा, खेकडा, झिंगा, बेडूक सगळं एका रात्रीत साफ. त्याच पाण्यावर सकाळी गुरं येतात, बायका धुणी धुतात. अशी कोंड एकदा मेली की तिच्यावरच्या पऱ्यांत जूनला चढायचं कुणी?

कायदा नाही असं मात्र नाही. पाण्यात विष घालणं आणि सुरुंग लावणं इंग्रजांच्या १८९७ च्या मत्स्य कायद्यातच गुन्हा ठरलं होतं. आपल्या राज्याचाही १९६० चा मत्स्यव्यवसाय कायदा आहे. समुद्रात जून-जुलैला यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते आणि ती का, हे बंदरावरच्या पोरालाही ठाऊक असतं. मग गोड्या पाण्यातल्या माशाने काय घोडं मारलंय? केरळात आपल्यासारखीच चढण असते, तिला ते ऊत्ता म्हणतात. तिथे २०१० च्या अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय कायद्याखाली तिच्यावर बंदी आहे. विलायतेतला ट्राउट मासा थंडीच्या तोंडावर अंडी घालायला अशाच बारक्या ओढ्यांत चढतो. त्या दिवसांत तिकडचे हौशी लोक गळ गुंडाळून ठेवतात, आणि हंगाम उघडला की मोठा मासा त्याच ओढ्यांतून मिळवतात.

पण सरसकट बंदी आणा, असं आम्ही म्हणणार नाही. बंदी आली की दंडाची पावती फाटेल ती कातकरी वाडीवर. इन्व्हर्टरवाला मोटारसायकलवरून केव्हाच पसार झालेला असेल. ज्याच्या घरात पावसाच्या तोंडाला दुसरं कालवण नाही, त्याची खोयन काढून घेणं हा न्याय नव्हे.

शिवाय आपल्याकडे माशाला अभय देण्याची रीत जुनीच आहे. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे, वाड्याजवळ वैतरणेकाठी तिळसेश्वर आहे. दोन्ही ठिकाणी देवाचे म्हणून महसीर मासे राखलेले आहेत, त्यांना कुणी हात लावत नाही. तिथे ना पोलीस, ना पाटी. मग गावागावांत एकेक कोंड अशी राखायला काय हरकत आहे? देवाच्या नावाने राखा, नाही तर ठरावाने राखा. लोणावळ्याला टाटांच्या तलावावर १९७० च्या दशकापासून महसीरचं बीज तयार होत आलं आहे, म्हणून तो मासा सोडायला तरी मिळतो. शिंगटीचं, वामीचं, गावागणिक नाव बदलणाऱ्या बारक्या खवल्याच्या माशांचं बीज कोण तयार करून देणार? ते आपल्या पऱ्यातच तयार व्हायचं.

१ मेच्या ग्रामसभेत रस्ता, नळपाणी, घरकुल यांवर भांडण होतं, ते व्हावंच. त्यातली दहा मिनिटं या विषयाला द्यावीत. २००२ च्या कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी. ती कागदावर असेल तर तिला जागं करावं. ठराव साधा असावा. गावची एक कोंड बारमाही बंद. पहिल्या मोठ्या पावसानंतर तीन रात्री कुणीही पऱ्यात उतरायचं नाही. त्यानंतर धरायचा तर पाग आणि खोयनीने, आणि निम्मं पात्र मोकळं सोडून. विष किंवा करंट दिसला तर ज्याचा त्याचा भाऊबंद न बघता पोलीस पाटलाला कळवायचं. तीन रात्री का, तर पहिल्या लोंढ्याबरोबर अंड्यावर आलेल्या माद्यांची मोठी झुंबड असते. तेवढी वर गेली की मागून येणाऱ्यांतले चार कुणी खाल्ले तरी पऱ्या ओस पडत नाही.

आणखी एक गोष्ट, जी जाळंवाल्याच्या हातात नाही. वाडीच्या रस्त्यावर मोरी घालताना सिमेंटचा पाईप पऱ्याच्या तळापेक्षा दोन-दोन फूट वर बसवतात. पाणी खाली धबाधबा पडतं आणि मासा पायथ्याशी उड्या मारून दमतो. वर खाचरं भरलेली, खाली मासा अडकलेला, आणि पोरं घमेल्याने भरून नेतात. एकही जाळं न लावता अख्खा पऱ्या वांझ होतो. बंधाऱ्यांचंही तेच. ज्याच्या फळ्या पावसाआधी काढायच्या त्या तशाच राहतात, कारण काढायचं काम कुणाचं ते ठरलेलं नसतं. यंदा ज्या वाड्यांत रस्त्याची कामं मंजूर आहेत, तिथल्या सरपंचांनी ठेकेदाराला पाईप तळाच्या पातळीला, जमल्यास वीतभर खालीच, बसवायला सांगावं. त्याला जास्तीचा खर्च फारसा नाही, मात्र सांगायचं ते काँक्रीट पडायच्या आधी.