सामाईक फाइलीचा तंटा

पर्वत पाटियातील आमच्या शाळेच्या संगणकावर सी-डॅकने डेबियनच्या पायावर उभारलेली ‘बॉस’ लिनक्स प्रणाली आहे. मराठी टंकांचे नवे पॅकेज बसविताना ‘ही फाइल दुसऱ्या पॅकेजचीही आहे’ म्हणून डीपीकेजी अडून बसला. आम्ही हेडमास्तरी बाण्याने सक्ती केली. पुढे नवे पॅकेज काढले, तशी सामाईक फाइलही गेली. मुलांच्या वार्षिकांकाची अक्षरे विस्कटली. सातबारा न पाहता बांध फोडला होता! ‘डीपीकेजी -एस’ने फाइलीचा मालक आधीच कळतो, मग दोहोंपैकी एकच ठेवावे. पॅकेजला लागणारी इतर पॅकेजे ‘एप्ट’ स्वतः आणते. अखेर जुने पुन्हा बसविले, अंक सावरला. वर्गातील तंट्यांतही छडीआधी चौकशी बरी, हे आम्हांस पन्नाशीनंतर संगणकाने शिकविले.